पाच मात्रांची तबकडी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत ‘माझा छंद’ या विषयावर केलेले भाषण)



आपल्या कार्यवाहांनी या व्याख्यानमालेत बोलण्याविषयी विचारले, तेव्हा मला खरोखर संकोच वाटला. याच व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावरील आणि नाट्यसंगीतावरील व्याख्याने ऐकली आहेत. मला मात्र जॅझ या परदेशी संगीतावर बोलावयाचे आहे. मराठी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात जॅझचे काय काम, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. माझ्याही मनात तो आला होता. त्याचे उत्तर एका तबकडीच्या हकीकतीत आहे, आणि ती हकीकत माझ्या वडिलांना वगळून सांगता येत नाही. मी संगीताचा शास्त्री नाही. सरकारी कचेरीत कागद पुढे सरकवण्यात आयुष्य घालवलेला एक श्रोता आहे, एवढे आरंभीच सांगून ठेवतो.

माझे वडील सांगलीस शाळामास्तर होते आणि हौशी तबलावादक होते. गावातील बहुतेक भजनी मंडळांना आणि नाटकमंडळ्यांना त्यांनी साथ केली होती. त्यांनी मला वयाच्या सातव्या वर्षी तबल्यावर बसवले आणि मी अकरावीत असताना तो सोडला. परीक्षा, नोकरी, भवितव्य ही कारणे मी दिली. ती खोटी नव्हती. वडील एका शब्दाने रागावले नाहीत. त्यांनी माझी जोडी गवसणीत घालून माळ्यावर ठेवली आणि त्या दिवसापासून माझ्यासमोर स्वतःही वाजवणे बंद केले. रागावले असते तर बरे झाले असते, असे मला पुढे पुष्कळदा वाटले.

1992 साली पहिल्या नेमणुकीवर मी कलकत्त्यास गेलो. कॅसेटच्या सोयीमुळे त्या काळी लोक घरातील तबकड्या विकून टाकीत होते आणि फ्री स्कूल स्ट्रीटवरील जुन्या तबकड्यांच्या दुकानांत त्यांच्या राशी पडलेल्या असत. वडिलांसाठी ‘कट्यार काळजात घुसली’ची तबकडी मिळाली तर पाहावी, म्हणून एका शनिवारी मी तेथे गेलो. ती मिळाली नाही. परंतु राशी उलटताना रंगीत, अमूर्त चित्राचे वेष्टन असलेली एक तबकडी हाती आली. मागील बाजूचा मजकूर सहज वाचू लागलो, तर त्यात सारी तालाची चर्चा! हे गीत नऊ मात्रांचे, ते पाच मात्रांचे, तिसऱ्यात तीन आणि चार मात्रांची आलटून पालटून योजना. जॅझ हा शब्द मी केवळ ऐकून होतो. पण तबलजीच्या मुलास हा हिशेब पाहून राहवले नाही. चाळीस रुपये मोजून मी ती घेतली. डेव्ह ब्रूबेक चौकडीची ती ‘टाइम आउट’ नावाची तबकडी होती.

या तबकडीविषयी थोडी माहिती देणे अवश्य आहे. ती 1959 साली न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झाली. पियानोवर ब्रूबेक, सॅक्सोफोनवर पॉल डेझमंड, डबल बासवर यूजीन राइट आणि ड्रम्सवर जो मोरेलो असे चौघे वादक. जॅझ संगीत तोवर बहुतांशी चार मात्रांच्या चालीवर चालत आले होते. आदल्या वर्षी, 1958 साली, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ब्रूबेक यांना पोलंड, तुर्कस्तान, भारत, पाकिस्तान, सिलोन, अफगाणिस्तान, इराण, इराक अशा लांबच्या दौऱ्यावर पाठवले होते. इस्तंबूलच्या रस्त्यावर त्यांनी नऊ मात्रांचा एक ठेका ऐकला. तो तीन-तीन-तीन असा नव्हता, तर दोन-दोन-दोन-तीन असा होता. तोच या तबकडीवरील पहिल्या गीताचा पाया झाला. मुंबईस त्यांनी सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासमवेत वादन केले. त्या दौऱ्यावर आधारलेल्या एका ध्वनिमुद्रिकेत त्यांची ‘कॅलकटा ब्लूज’ नावाची रचनाही आहे. म्हणजे कलकत्त्यास मला ही तबकडी भेटण्यापूर्वी चौतीस वर्षे तिचे कर्ते आपल्या देशातून काहीतरी ऐकून गेले होते.

कंपनीच्या विक्री खात्यास ही तबकडी पसंत नव्हती. लोकांच्या ओळखीचे एकही गीत नाही, ताल अवघड, आणि वेष्टनावर वादकांच्या छायाचित्राऐवजी नील फुजिता यांचे चित्र! असला माल खपणार कसा, अशी त्यांची तक्रार होती. प्रत्यक्षात तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. कचेरीतील टिपणांवर ‘सहमत नाही’ असे शेरे वाचण्याची सवय असलेल्या माझ्यासारख्यास ही हकीकत फार दिलासा देते.

असो. मी एक जुना फिएस्टा ग्रामोफोन मिळवला आणि ऐकू लागलो. खरे सांगतो, पहिला महिनाभर मला काही आवडले नाही. मी केवळ मोजीत होतो. ‘टेक फाइव्ह’ या प्रसिद्ध गीतात पाच मात्रांचे तीन-दोन असे विभाग पडतात. आपल्या झपतालात दोन-तीन, दोन-तीन असतात. तेव्हा हा उलटा अर्धा झपताल, एवढे गणित मी जमवले आणि स्वतःवर खूष झालो. हिशेब बरोबर आला, पण गाणे कानावरून निघून गेले, अशी ती अवस्था होती.

1994 साली पूजेच्या सुटीत आई आणि वडील कलकत्त्यास आले. एके संध्याकाळी वडील ग्रामोफोनजवळची तबकडी उलटसुलट करून पाहत होते. मी भीतभीतच ‘टेक फाइव्ह’ लावले. आरंभी त्यांच्या चेहऱ्यावर परक्या घरी गेलेल्या पाहुण्याचा भाव होता. सॅक्सोफोनची चाल सुरू झाली. एखाद्या संयमी माणसाने हलक्या आवाजात बोलावे तसा डेझमंड यांचा स्वर आहे. वडिलांची बोटे गुडघ्यावर पडू लागली. मग सॅक्सोफोन थांबला आणि ड्रमवाल्याचे एकल वादन सुरू झाले. दोन मिनिटांहून अधिक काळ मोरेलो वाजवतात, आणि तो सारा वेळ पियानो तोच एक पाच मात्रांचा तुकडा मागे अखंड वाजवीत राहतो. वडील एकदम ताठ बसले आणि म्हणाले, “अरे, हा तर लेहरा धरलाय!”

मंडळी, ही गोष्ट दोन वर्षांत माझ्या लक्षात आली नव्हती. आपल्याकडे तबल्याचे एकल वादन चालते, तेव्हा पेटीवाला अथवा सारंगिया एकच चाल आवर्तनामागून आवर्तन वाजवीत राहतो. तबलजी कितीही दूर गेला तरी परतीची वाट त्या लेहऱ्यावर सापडते. येथे नेमके तेच चालले होते. वडिलांनी विचारले, “पेटी कुणाची?” त्यांच्या दृष्टीने ती पेटीच होती. मी म्हणालो, “या चौघांचा जो नायक, ज्याच्या नावाने चौकडी ओळखली जाते, त्याची.” “आणि तो स्वतः केव्हा वाजवणार?” मी तबकडी पुन्हा लावली. आम्ही दोघांनी शेवटपर्यंत ऐकले. या गीतात ब्रूबेक एकल वादन करीतच नाहीत. अथपासून इतिपर्यंत ते लेहरा धरून बसले आहेत.

वडील बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “तू मोजतोयस ते मघापासून बघतोय. मोजणं सोड. लेहरा धरणाऱ्याकडे कान ठेव, मग सम आपोआप कळेल.” तिसऱ्यांदा तबकडी लागली, तेव्हा त्यांनी चहाच्या लाकडी मेजावर बोटांनी ठेका धरला. दहा वर्षांनंतर ते माझ्यासमोर वाजवीत होते. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हतेही.

त्या संध्याकाळपासून मला हे संगीत ऐकू येऊ लागले, असे म्हणावयास हरकत नाही. आपली बंदिश, तिचा विस्तार आणि पुन्हा मुखड्यावर येणे ही चाल ज्याच्या अंगात मुरली आहे, त्यास जॅझ परके वाटण्याचे कारण नाही. मूळ चाल मांडायची, तिच्या स्वरसंगतींच्या चौकटीत प्रत्येक वादकाने आयत्या वेळी नवे काही रचायचे आणि पुन्हा मूळ चालीवर यायचे, अशी त्याची सर्वसाधारण रीत आहे. गुलामगिरीत पिचलेल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांनी अमेरिकेत ते घडवले. त्यात दुःख आहे, पण दैन्य नाही.

पुढे मी या चौघांविषयी मिळेल ते वाचीत गेलो, आणि वडिलांचे ते ‘लेहरा धरणाऱ्याकडे कान ठेव’ हे वाक्य अधिकच पटत गेले. ‘टेक फाइव्ह’ची रचना ब्रूबेक यांची नाही, डेझमंड यांची आहे, आणि ती मुख्यतः मोरेलो यांना एकल वादनास वाव मिळावा म्हणून केलेली आहे. बासवादक यूजीन राइट कृष्णवर्णीय होते. 1960 साली अमेरिकेच्या दक्षिण भागातील 25 महाविद्यालयांत या चौकडीचा दौरा ठरला होता. त्यांपैकी बहुतेकांनी कळवले की बासवर गोरा वादक आणावा. ब्रूबेक यांनी वादक बदलला नाही. ठरलेले कार्यक्रम सोडून दिले आणि होणारे नुकसान सोसले. डेझमंड 1977 साली वारले, तेव्हा ‘टेक फाइव्ह’चे मानधन त्यांनी अमेरिकन रेडक्रॉसच्या नावे ठेवले होते. ब्रूबेक 2012 साली, ब्याण्णवावा वाढदिवस एका दिवसावर असताना, निवर्तले. नायकाने साथीदारांसाठी लेहरा धरावा आणि प्रसंग पडल्यास त्यांच्यासाठी उभे राहावे, या दोन गोष्टी माझ्या मते एकच आहेत.

हे संगीत आपल्या घरात फार पूर्वी आले होते, हेही मला उशिरा उमगले. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेले वादक मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवीत आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांतही वाजवीत. त्यांतील चिक चॉकलेट हे तुतारीवादक आपल्या चितळकरांचे, म्हणजे सी. रामचंद्रांचे, साथीदार होते. 1951 सालच्या ‘अलबेला’तील ज्या गाण्यांवर माझे वडील तरुणपणी लट्टू होते, त्यांत याच संगीताची झाक होती. हे मी त्यांना सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, “म्हणजे मी तुझ्या आधीच बिघडलो होतो!”

त्यानंतर बदल्यांमागून बदल्या झाल्या. आर्मस्ट्राँग, एलिंग्टन, माइल्स डेव्हिस, कोल्ट्रेन असे कितीतरी कलावंत तबकड्यांतून, कॅसेटींतून आणि अलीकडे खिशातील दूरध्वनीतून भेटले. काहींची कला ब्रूबेक यांच्याहून खोल आहे, हे मी मान्य करतो. तथापि पहिल्या गुरूचे स्थान वेगळे असते. ती चाळीस रुपयांची तबकडी अजून माझ्याजवळ आहे. ‘टेक फाइव्ह’मध्ये एके ठिकाणी ओरखडा आहे, तेथे सुई उडी मारते आणि पाचाच्या चार मात्रा होतात. निर्दोष प्रत ऐकताना ती एक मात्रा मला अधिक झाल्यासारखी वाटते.

वडील 2003 साली गेले. कलकत्त्याहून परतल्यावर त्यांनी माळ्यावरून माझी जोडी काढली, पुड्या बदलून घेतल्या आणि मी रजेवर घरी आलो की समोर ठेवू लागले. मी तबलजी झालो नाही. ते वय निघून गेले होते. पण सुटीतील त्या दुपारी ते वाजवीत आणि मी पेटीवर लेहरा धरीत असे. त्यासाठी फारसे कौशल्य लागत नाही. मात्र लक्ष द्यावे लागते, आणि आपण पुढे येऊ नये एवढे भान ठेवावे लागते.

आज या मंडळास पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेत अध्यक्षांची, वक्त्यांची, कलावंतांची छायाचित्रे येतील आणि ती यावयासच हवीत. परंतु परप्रांतात पन्नास वर्षे गणपती बसला, ग्रंथालय उघडे राहिले, वर्गणीच्या पावत्या घरोघर गेल्या, सभागृहातील सतरंज्या घातल्या आणि उचलल्या गेल्या, त्या कामाची छायाचित्रे कोणी काढलेली नसतात. मंडळाचा लेहरा त्या माणसांनी धरला. त्यांच्या आधारावर आम्ही येथे येऊन मनसोक्त बोलतो, गातो, नाटके करतो आणि चुकलो तरी समेवर परत येतो. त्या सर्वांस मी नम्रपणे वंदन करतो.

कार्यवाहांच्या अनुमतीने आता ‘टेक फाइव्ह’ आपणास ऐकवतो. अवघी साडेपाच मिनिटे लागतील. माझी एकच विनंती आहे : कृपा करून मात्रा मोजू नका. पियानोकडे कान ठेवा.