उजेडाचा इलाज आपल्या दारी कधी?

(गोंदिया जिल्ह्यातील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तेंदूपत्त्याच्या हंगामात देवरी तालुक्यातल्या एका गावी गेले होते. पुडे बांधता बांधता एका काकूंनी विचारले, "ताई, सोन्याचे कण टाकून उजेडानं कॅन्सर जाळतेत म्हणे. आपल्याले भेटन का तो इलाज?" त्यांच्या बहिणीच्या गालात चार महिन्यांपासून न भरणारी जखम होती. गुडाखू घासायची सवय जुनी. एका दवाखान्यात 'उष्णता झाली' म्हणून मलम देऊन परत पाठवले होते. मी समाजकार्य शिकलेली, डॉक्टर नव्हे. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. मग वाचले, जाणत्यांना विचारले. ते आज सांगते.

काकूंनी ऐकले ते खोटे नाही. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. शे-दीडशे नॅनोमीटरचे, सोन्याचा मुलामा दिलेले कण शरीरात सोडतात. गाठीतल्या रक्तवाहिन्या कच्च्या, झिरपणाऱ्या असतात, म्हणून काही कण तिथे साचतात. मग डोळ्यांना न दिसणारा, तांबड्या रंगापलीकडचा उजेड त्या जागी टाकतात. हा उजेड मांसातून थोडा आत जातो. सोने तो शोषते, तापते आणि भोवतालच्या पेशी मरतात. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात नाओमी हालास आणि जेनिफर वेस्ट या दोन स्त्रियांच्या गटाने २००३ साली हे दाखवले. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत रोहित श्रीवास्तव आणि खारघरच्या टाटा केंद्रात अभिजित डे यांच्या गटांनी शरीरात विरघळून बाहेर पडतील असे सोन्याचे कण केले. त्यांचे काम २०१५ साली प्रसिद्ध झाले.

पण ते प्रयोग उंदरांवरचे. माणसांवरचा एक महत्त्वाचा अहवाल २०१९ साली न्यूयॉर्कहून आला, त्यात प्रोस्टेटचा कॅन्सर असलेले १६ पुरुष होते. शिवाय टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचतात ते फार थोडे. दहा वर्षांचे प्रयोग तपासून २०१६ साली काढलेला हिशोब सांगतो, साधारणपणे शंभरात एकही नाही. उरलेले बहुतेक यकृतात आणि प्लीहेत जातात. म्हणून काकूंना माझे उत्तर असे: इलाज खरा आहे, पण अजून तुमच्या बहिणीसाठी नाही.

उजेडाचा दुसरा एक इलाज मात्र जुना आहे. त्यात औषध टोचतात, ते उजेडाने जागे होते आणि पेशी मारते. कॅनडाने १९९३ साली त्याला परवानगी दिली. पण ते औषध घेतल्यावर निदान महिनाभर उन्हात जायचे नाही, नाहीतर कातडी भाजते. आता सांगा, रोवणीच्या दिवसांत आपल्यातली कोण महिनाभर सावलीत बसेल? तिची मजुरी कोण भरून देईल? प्रयोगशाळेत हा प्रश्न कुणाला सुचत नाही, कारण तिथे रोवणीवाली बसलेली नसते.

आणि बसते तेव्हा कशी बसते तेही पाहू. १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा हॉस्पिटलने सुमारे दीड लाख बायांवर अभ्यास केला. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ सिरका लावायचा, दिव्याच्या उजेडात पाहायचे. पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी. दहावी शिकलेल्या बायाच हे काम शिकल्या. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. सिरका, दिवा आणि शिकवलेली बाई, एवढाच खर्च! पण या अभ्यासात निम्म्या बायांना तपासणी नव्हती, फक्त माहिती होती. त्यावर देशात आणि बाहेर टीका झाली. तेव्हा सरकारी सेवेत अशी तपासणी नव्हतीच, असे उत्तर आले. मला ते उत्तर पुरेसे वाटत नाही. सेवा नाही हा सरकारचा दोष; तो गरीब बाईला तपासणीबाहेर ठेवण्याचा आधार कसा होतो?

म्हणून नव्या विज्ञानाला माझा विरोध नाही. सोन्याचे कण उद्या माणसांवर तपासले जातील, तेव्हा आपल्या बायांनाही विचारणा होईल. त्या दिवसासाठी आजच ठरवू. संमतीचा कागद आपल्या बोलीत वाचून दाखवलाच पाहिजे. 'नाही' म्हटले तरी चालू इलाज थांबणार नाही, हे त्यात लिहिलेले असले पाहिजे. इजा झाली तर भरपाई कोण देणार, त्याचे नाव हवे. आणि इलाज यशस्वी झाला तर तो सरकारी दवाखान्यात मिळेल का, हे आधी विचारायचे.

आणि आजच्यासाठी? दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, तोंड कमी उघडणे, पांढरा वा लाल चट्टा, स्तनातली गाठ, पाळी गेल्यावरचा रक्तस्राव, यांतले काहीही असेल तर मलमावर थांबू नका. उपकेंद्रात तोंडाची तपासणी मागा. खर्रा आणि गुडाखू सोडायला एकमेकींना मदत करा.

त्या बहिणीला आम्ही नागपूरला नेले. गाडीभाडे बचत गटाने काढले. शस्त्रक्रिया झाली, अर्धा जबडा गेला. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, "तीन महिने आधी आणायचे होते." तो उजेड पडायला लेसर लागत नव्हता. एक बॅटरी आणि तोंड उघडून पाहणारे कोणीतरी, एवढेच हवे होते. ते आपण आपल्या गावापासून सुरू करू या.