वर्गांतील धडा व वर्गाबाहेरील वाट
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत प्राथमिक शाळेच्या शिक्षकवर्गातर्फे केलेलें भाषण)



महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगीं देवळाच्या उभारणीविषयीं व जुन्या धर्मगुरूंच्या कष्टांविषयीं पुष्कळ बोललें गेलें आहे, आणि तें योग्यच झालें. आम्हां शिक्षकांस चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, ती देवळाच्या सावलींत वाढलेल्या आपल्या प्राथमिक शाळेविषयीं. शाळेचा इतिहास सांगण्याचा आमचा मानस नाहीं. चवथ्या इयत्तेच्या वर्गांत काय शिकविलें जातें, आणि वर्षांतून चार-सहा वेळां तो वर्ग उठून बाहेर कां जातो, एवढेंच आपणांपुढें मांडावें असें आम्हीं योजिलें आहे. कारण कित्येक पालक आम्हांस प्रेमानें, तर कित्येक किंचित् रागानें विचारतात कीं, "गुरुजी, शिकवायचें सोडून पोरांना हिंडवितां कशाला?" प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तर देणें आमचें कर्तव्य आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. पुस्तकांत शब्द मिळतो, पण तो शब्द ज्या वस्तूचा, ती वस्तु पुस्तकाबाहेर असते. शब्दावांचून वस्तु पाहिली, तर मूल नुसतें हिंडून येतें. वस्तूवांचून शब्द पाठ केला, तर परीक्षेंत गुण पडतात, पण समज वाढत नाहीं. म्हणून जी सहल धड्यांतून निघत नाहीं व धड्यांत परत येत नाहीं, तिला आम्ही सहल म्हणून मोजीत नाहीं.

उदाहरणार्थ, पाण्याचा धडा घ्या. नदी, तलाव, विहीर, धरण हे शब्द आमचीं मुलें घडाघड वाचितात. परंतु 'बावखल' हा शब्द फळ्यावर लिहून त्याचा अर्थ विचारला, तर ज्यांच्या आजोबांचें सारें आयुष्य बावखलाच्या कांठीं गेलें तीं मुलेंही एकमेकांकडे पाहूं लागतात. ह्यांत दोष मुलांचा नाहीं. आपल्या वसईंतील किती बावखलें भरावाखालीं गेलीं व त्यांवर इमारती उभ्या राहिल्या, हें आपण सर्व जाणतां.

तेव्हां प्रथम वर्गांत आम्ही एक पेला घेतों. त्यांत मिठाचें पाणी ओतून त्यावर चमच्याच्या आधारानें, अगदीं हळूहळू, शाईनें रंगविलेलें गोडें पाणी सोडतों. रंगीत पाणी वरच राहतें. मग मुलांस सांगतों कीं, आपल्या पायांखालीं असेंच आहे. खारें पाणी जड, गोडें पाणी हलकें. समुद्राजवळच्या ह्या भूमींत मुरलेलें पावसाचें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतें. बावखलांत सांठलेला पाऊस सावकाश मुरून हा गोडा थर भरून काढतो. बावखल बुजविलें आणि पंपाचा उपसा मात्र वाढविला, कीं गोडा थर पातळ होतो, खारें पाणी वर सरकतें आणि विहीर मचूळ होते.

दुसऱ्या दिवशीं वर्ग बावखलावर जातो. हातांत दोरी, तिला मीटरागणिक एकेक गांठ. कांठापासून दूर राहून मुलें लांबी-रुंदी मोजतात. खोली मात्र वाडीचे मालकच लांब बांबूनें मोजून देतात. नंतर वाडींतील वृद्धांभोंवतीं मुलें बसतात आणि प्रश्न सुरू होतात: रहाट कोठें होता? पाणी पानवेलींपर्यंत कसें नेत? सुकेळी करावयास राजेळी केळींच कां लागतात? मोगऱ्याच्या कळ्या दादरच्या बाजारीं पोंचाव्या म्हणून आजी किती वाजतां उठे? उत्तरें मुलें आपापल्या वहींत लिहून घेतात.

तिसऱ्या दिवशीं तीच वही वर्गांत उघडते. बावखल २० मीटर लांब, १० मीटर रुंद व २ मीटर खोल धरलें, तर ४०० घनमीटर, म्हणजे ४,००,००० लिटर पाणी. १० लिटरांची कळशी धरली, तर ४०,००० कळशा. हा आंकडा फळ्यावर आला म्हणजे वर्ग क्षणभर स्तब्ध होतो. गुणाकार तर झालाच. पण आजोबांच्या काळीं खणलेल्या खड्ड्याची किंमत मुलांस त्या दिवशीं कळते. नंतर भाषेच्या तासाला प्रत्येकानें दहा वाक्यें लिहावयाचीं. जें मूल एरव्हीं दोन ओळींपुढें जात नाहीं, तें त्या दिवशीं पान भरून लिहितें, कारण त्याच्यापाशीं सांगण्यासारखें कांहीं असतें.

हा मार्ग आम्हीं शोधून काढलेला नाहीं. आपल्या प्रभूनें लोकांस शिकविलें तें बहुधा डोंगरावर, सरोवराच्या कांठीं व शेताच्या बांधावर. पेरणारा, रानांतील फुलें, आकाशांतील पाखरें, मासे धरण्याचें जाळें हीं ऐकणाऱ्यांच्या नित्य पाहण्यांतलीं होतीं. फ्रान्सांत संत जॉन बॅप्टिस्ट दे ला साल (१६५१–१७१९) यांनीं गरीबांच्या मुलांसाठीं शाळा काढिल्या, तेव्हां वाचन लॅटिनपासून सुरू करण्याची चाल होती. ती मोडून त्यांनीं मुलांच्या स्वतःच्या फ्रेंच भाषेपासून आरंभ केला. १९५० सालीं पोप बारावे पायस यांनीं त्यांस शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलें. तुरीन शहरीं संत जॉन बॉस्को (१८१५–१८८८) शरदऋतूंत आपल्या मुलांस घेऊन खेड्यापाड्यांतून पायीं हिंडत. १८५५ सालीं तुरुंगांतील मुलांचा मोठा समूह पहारेकऱ्यांवांचून दिवसभराच्या सहलीस नेऊन त्यांनीं संध्याकाळीं सर्वांस परत आणिलें, असें त्यांच्या चरित्रांत सांगितलेलें असतें. आणि इतक्या दूर तरी कशाला जावें? आपल्याच किनाऱ्यावर उत्तरेस बोर्डी येथें ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं ग्रामबालशिक्षणाचें कार्य आरंभिलें, व पुढें कोसबाडच्या टेकडीवर त्या आणि अनुताई वाघ यांनीं तें वाढविलें. गुरें राखणारीं वारली मुलें शाळेंत येऊं शकत नाहींत असें दिसतांच त्यांनीं शाळाच कुरणांत नेली. ज्यांस आमच्या सहली म्हणजे नवें खूळ वाटतें, त्यांनीं ह्या थोर माणसांकडे पाहावें, अशी आमची नम्र विनंति आहे.

दुसरी सहल वसईच्या किल्ल्याची. ह्या सहलीस आम्ही सर्वांत अधिक तयारी करतों, कारण येथें दगडांबरोबर माणसांचीं मनेंही सांभाळावयाचीं असतात. वर्गांत प्रथम भिंतीवर एक लांब दोरी ताणतों व तिला सालांच्या चिठ्ठ्या टांचतों. १५३४: गुजराथच्या बहादुरशाहकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली. १५९७: वसईंत जन्मलेले फ्रान्सिस्कन बंधु गोन्सालो गार्सिया यांस जपानांत नागासाकी येथें २५ सोबत्यांसह क्रुसावर मरण आलें, १८६२ सालीं ते संत म्हणून घोषित झाले. १७३९: चिमाजी अप्पांच्या सैन्यानें किल्ला घेतला. १८०२: दुसरे बाजीराव व इंग्रज यांचा वसईचा तह. दोन चिठ्ठ्यांमधील अंतर मुलांनीं वजाबाकीनें काढावयाचें.

मग किल्ल्यांत तीं सालें उभीं राहतात. पडक्या देवळांच्या कमानी, फरशींतले थडग्यांचे कोरीव दगड, जवळच शंकराचें मंदिर व चिमाजी अप्पांचें स्मारक, हें सर्व एकाच तटाच्या आंत आहे. आमच्या वर्गांत ख्रिस्ती मुलें आहेत, तशीं हिंदु व मुसलमान मुलेंही आहेत. ज्या घरीं त्या विजयाचा अभिमान बाळगतात तेथील मूल, आणि ज्या घरीं त्या मोडक्या देवळांविषयीं हळहळ वाटते तेथील मूल, हीं दोघें एकाच बांकावर बसतात. आम्ही कोणाचाही अभिमान हिरावून घेत नाहीं व कोणाची हळहळ हंसण्यावारी नेत नाहीं. येथें काय घडलें तें खरें खरें सांगतों, व येथें दोन्ही बाजूंचीं माणसें मेलीं हेंही सांगतों. दगडावर नांव कोरूं नये, फूल तोडूं नये, आणि दुसऱ्याच्या पवित्र स्थानापुढें आवाज खालीं आणावा, एवढे तीन नियम मुलांकडून वदवून घेतों. धर्मशिक्षणाच्या तासाला शेजारप्रीतीचा धडा असतोच. किल्ल्यांत तो वापरून पाहावा लागतो.

तिसरी सहल पाचूबंदरच्या किनाऱ्याची. बांबूंच्या काठ्यांवर बोंबील वाळत असतात. आंवळलेलीं जाळीं, ओढून ठेवलेल्या होड्या, नाळेवर रंगविलेले क्रूस. भरती दररोज सुमारें ५० मिनिटें उशिरा येते, हें आम्ही वर्गांत शिकवितों. परंतु तिथीवरून भरतीची वेळ बोटांवर मोजून दाखवितो तो कोळ्याचा मुलगा. भागाकार चुकला म्हणून जो फळ्यापुढें खालीं मान घालून उभा असतो, तो त्या दिवशीं सर्व वर्गाचा गुरु होतो. दुसऱ्या दिवशीं तो वर्गांत निराळा बसतो, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. ह्या एका लाभासाठीं सुद्धां आम्ही ती सहल सोडणार नाहीं.

चवथी वाट सर्वांत जवळची. नोव्हेंबरांत, मृतांच्या स्मरणाच्या महिन्यांत, वर्ग आपल्याच दफनभूमींत जातो. ज्यांचें कोणी तेथें निजलें आहे तीं मुलें नांव व साल वाचून दाखवितात. सर्व मिळून प्रार्थना करतात. वाळलेलीं पानें वेंचून परत येतात. ह्यावर परीक्षेंत प्रश्न नसतो.

आतां खर्चाविषयीं. मोठ्या मोटारी करून, प्रत्येकीं पुष्कळ रुपये भरून, करमणुकीच्या उद्यानांत मुलांस न्यावें अशी सूचना दरवर्षीं येते. तेथें मुलें आनंदित होतील, ह्यांत शंका नाहीं. पण त्या दिवशीं कोणतीं मुलें 'पोटांत दुखतें' म्हणून घरीं राहतील, हें आम्ही शिक्षक आधींच सांगूं शकतों. आमच्या सहली पायीं किंवा एस. टी.नें होतात, शिदोरी घरची असते व ती एकत्र वांटून खातात. पैशाअभावीं एकही मूल मागें राहणार नाहीं, हा आमचा पहिला नियम. पंधरा मुलांमागें एक मोठें माणूस असावें, हा दुसरा. आणि त्यासाठीं पालकहो, आम्हांस आपले हात हवे आहेत.

शेवटीं एक कठीण गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. आपल्या मराठी वर्गाचा पट उतरत आहे. पालक मुलांस इंग्रजी शाळेंत घालतात, तें त्यांच्या कल्याणाच्या इच्छेनेंच घालतात. त्यांस दूषण द्यावयास आम्ही येथें उभे नाहीं. इंग्रजी अवश्य यावी, व आम्ही ती मनापासून शिकवितों. परंतु बावखलाच्या कांठीं आजोबांस प्रश्न विचारावयाचा तो कोणत्या भाषेंत? घरची कादोडी, वाडवळी अथवा कोळी बोली आणि पुस्तकांतील मराठी ह्यांच्यामध्यें वर्ग हा एक सांकव आहे. मूल घरचा शब्द घेऊन येतें, तेव्हां आम्ही त्यास हंसत नाहीं. तो फळ्यावर लिहितों व त्याच्या शेजारीं पुस्तकांतला शब्द लिहितों. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंही शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत मातृभाषेंतून शिकवावें असें म्हटलें आहे. त्याच वर्षीं उस्मानाबाद येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं भूषविलें. मराठीनें आपणांस परकें मानलेलें नाहीं. आपण तिला परकी करूं नये.

तेव्हां पालकहो, महोत्सवाची देणगी म्हणून आम्ही आपणांकडे तीन गोष्टी मागतों. ज्यांची वाडी अथवा होडी असेल त्यांनीं वर्षांतून एक सकाळ वर्गासाठीं राखून ठेवावी. घरांतील आजीआजोबांनीं मुलांच्या प्रश्नांस कंटाळूं नये. आणि जें बावखल अजून शिल्लक आहे, तें बुजविण्यापूर्वीं एकदां त्याच्या ४०,००० कळशा मोजाव्या. ह्या धर्मग्रामाच्या पुढील महोत्सवीं आज चवथींत बसलेलीं मुलें येथें पालक म्हणून बसतील. त्या दिवशीं त्यांस आपल्या मुलांना दाखवावयास कांहीं पाणी, कांहीं झाडें व कांहीं शब्द उरलेले असावेत, एवढीच आमची प्रभुचरणीं प्रार्थना आहे.