बाकावरच्या शेजारणीबरोबर फिलाडेल्फिया

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



बाई, आठवीत तुम्ही आम्हाला डॉ. आनंदीबाई जोशींविषयी सांगितलं होतंत. शेवटी म्हणालात, "ती समुद्र ओलांडून गेली. तुम्ही निदान कृष्णा ओलांडून कॉलेजात जा." मी गेले. माझी बाकावरची शेजारीण जाऊ शकली नाही. दहावीच्या निकालाआधीच तिचं लग्न ठरलं. आज ती मागच्या रांगेत बसली आहे आणि बोलायला तयार नाही, म्हणून आमच्या प्रवासाची गोष्ट मीच सांगते.

मागच्या मेळाव्यात तिने विचारलं, "आनंदीबाई शिकल्या ते गाव बघायला किती पैसे लागतील गं?" मला सांगता येईना. मग आम्ही हिशेबाची वही घातली. तीन वर्षं दोघींनी दरमहा पाच हजार बाजूला टाकले. तिने खाणावळीतून, मी पेन्शनमधून.

लेक लंडनला असल्यामुळे तिथवर जाऊन राहण्याची सोय होती. प्रश्न पुढच्या अटलांटिकचा. लंडनहून थेट फिलाडेल्फियाला विमान जातं, पण न्यूयॉर्कच्या मार्गावर पुष्कळ कंपन्यांची चढाओढ असते. म्हणून न्यूअर्कचं तिकीट आम्हाला बरंच स्वस्त पडलं. मार्च महिना धरला, म्हणजे ईस्टरच्या सुट्टीची गर्दी नाही. वारही आठवड्याच्या मधला. दोन्ही देशांचे व्हिसा हातात आल्यावरच तिकिटं काढली.

एकदा सर्वांत कमी आकडा पाहून मी हरखले होते. शेजारणीने बॅगेचे जाता-येताचे पैसे वहीत मांडले, तर तेच तिकीट महाग निघालं! रोज पन्नास ताटांचा हिशेब ठेवणारी ती, फसणार कशी? काटकसर केली नाही ती फक्त प्रवासाच्या विम्यात. अमेरिकेत आजारी पडणं आपल्याला परवडणारं नाही.

न्यूअर्क विमानतळावरून साधी लोकल घेतली, ट्रेन्टनला गाडी बदलली आणि फिलाडेल्फियाला उतरलो. जलद गाडीपेक्षा वेळ जास्त, पैसे कमी. या सगळ्या प्रवासाचं सूत्र हेच: पैसा वाचवायचा तर वेळ द्यावा लागतो. आणि मंडळी, साठीनंतर आपल्याकडे तोच तर आहे!

उतरलो वसतिगृहात, सहा जणींच्या खोलीत. वरची खाट माझ्या वाट्याला आली. चढताना गुडघे बोलले, पण खोली स्वस्त होती. शहराचा जुना भाग पायी फिरण्याजोगा आहे. उभ्या रस्त्यांना आकडे, आडव्यांना झाडांची नावं: चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. लिबर्टी बेल बघायला तिकीट नाही. जेवायला १८९३ पासूनची रीडिंग टर्मिनल ही मंडई. तिथे शेजारणीने आधी भाज्यांचे भाव बघितले, मग जेवली.

११ मार्चला आम्ही नॉर्थ कॉलेज ॲव्हेन्यूवर गेलो. आनंदीबाईंचं महिला वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा याच रस्त्यावर होतं. १८८६ साली याच तारखेला त्यांना पदवी मिळाली. तो समारंभ पाहायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. आमच्यासारख्याच अटलांटिक ओलांडून, पण बोटीने. कॉलेज तिथून केव्हाच हललं. बघण्यासारखं काही नव्हतं. मला वाटलं, एवढ्या लांब येऊन हिची निराशा झाली. ती मात्र थंडीत बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "बाईंना सांग, नदी राहिली, पण समुद्र ओलांडला."

बाई, सांगितलं.

हिशेबाची वही मागच्या टेबलावर ठेवली आहे. हवं त्याने उतरवून घ्या. घरी मात्र नेऊ नका, कारण पुढच्या प्रवासाचे पैसे तिच्यातच मांडायला घेतले आहेत.