बाळंतपणाची फाइल कुणाच्या हातात?

(महागाव येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरी आज बाळंतपणावर बोलणार आहे. 'हे बायकांचं काम' असं मीही म्हणायचो.

माझ्या पत्नीची सातव्या महिन्यापर्यंतची तपासणी पुण्यात झाली. मग रिवाजाप्रमाणे ती इथे महागावला माहेरी आली. एका रात्री पाण्याची पिशवी फुटली. कळा नव्हत्या. "सकाळी बघू," असं घरचे म्हणाले. फोनवर मीही हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी झाली. काही तासांतच तिला धाप लागली. यवतमाळला हलवलं. रक्ताच्या तपासणीत 'ग्रुप बी स्ट्रेप' हा जंतू निघाला. मुलगी वाचली, आज चार वर्षांची आहे.

हा जंतू अनेक निरोगी बायकांच्या आतड्यात आणि योनिमार्गात असतो. त्यांना काही त्रास नसतो. अस्वच्छतेशी किंवा चारित्र्याशी त्याचा संबंध नाही. पण प्रसूतीच्या वेळी तो बाळाला लागला, तर न्यूमोनिया, रक्तात संसर्ग किंवा मेंदूज्वर होऊ शकतो.

तपासणी सोपी आहे. ३६-३७व्या आठवड्यात कापसाच्या काडीने योनिमार्गाचा आणि गुदद्वाराचा नमुना घेतात. जंतू सापडला तर प्रसूतीच्या वेळी शिरेतून पेनिसिलिन देतात, शक्यतो जन्माच्या किमान चार तास आधी. आधीच गोळ्या घेऊन भागत नाही, जंतू परत येतो. अमेरिकेत २००२ पासून सर्व गर्भवतींची ही तपासणी करण्याची शिफारस आहे. आपल्याकडे ती सरसकट होत नाही, म्हणून आपणच विचारायचं.

खरी मेख पुढे आहे. ३६वा आठवडा येतो तेव्हा आपली बाई माहेरी असते. जुने डॉक्टर सुटलेले, नव्यांना मागचं काही माहीत नाही. आमच्या कामातही एका टीमकडून दुसरीकडे काम जाताना माहिती गळते आणि तिथेच बिघाड होतो. म्हणून फाइल नवऱ्याने सांभाळावी. सगळे रिपोर्ट, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी, आधीच्या बाळाला झालेला संसर्ग, लघवीत सापडलेला जंतू, हे सगळं नव्या डॉक्टरांना स्वतः सांगावं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी असते. तिथे सोबत जा, बाहेर मोटारसायकलवर बसून राहू नका.

तपासणी झाली नसेल तरी पिशवी फुटली, ताप आला किंवा ३७ आठवड्यांआधी कळा आल्या, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.

जन्मानंतर बाळ दूध ओढत नसेल, मलूल असेल, भराभर श्वास घेत असेल, अंग तापलं किंवा गार पडलं असेल, तर १०८ला फोन करा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना अशी लक्षणं ओळखून उपचार करायला शिकवलं, आणि तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. त्या बायका शिकू शकतात, तर आपण शिकलेले बाप का नाही?

त्या रात्री मी फोनवर "सकाळी बघू" म्हणालो. तुम्ही म्हणू नका.