वैद्याची दुसरी भाषा

(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवानिमित्त राजेश्वर येथे झालेल्या व्याख्यानाचा लेखरूप मजकूर)



राजेश्वरसारख्या गावात भाषांचे महत्त्व सांगायला उभे राहणे म्हणजे नदीकाठच्या माणसाला पाण्याचे गुण सांगण्यासारखे आहे. कचेरीत कन्नड, घरात मराठी, बाजारात दखनी आणि थोडे पूर्वेकडे गेले की तेलुगू, अशी येथील रीत आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीन भाषांत व्यवहार करणारा येथील शेतकरी स्वतःला बहुभाषिक म्हणवून घेत नाही. त्याच्या लेखी ते नुसते बोलणे असते. मात्र याच घरातील मुलगा डॉक्टर व्हायचे म्हणतो, तेव्हा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांचे गुण मोजले जातात. त्याला किती भाषा येतात, हे कोणी विचारीत नाही. वैद्यकाच्या व्यवसायात परक्या भाषेचा खरोखर उपयोग कोणता, याचा विचार म्हणूनच या ग्रंथालयात होणे उचित आहे.

वैद्य रुग्णाला हात लावण्यापूर्वी त्याचे ऐकतो. दुखणे कधी सुरू झाले, कोठून कोठे सरकते, खाल्ल्याने वाढते की कमी होते, हे रुग्णाच्या तोंडूनच कळायचे असते. नाडी, रक्त आणि छायाचित्र यांची तपासणी त्यानंतर येते. कोणती तपासणी करायची हे पुष्कळदा त्या ऐकण्यावरच ठरते. आपल्या मराठीत दुखण्याला किती नावे आहेत पाहा. कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, मुरडा होतो, जळजळते, ठसठसते, पोटात गोळा उठतो. यांतील प्रत्येक शब्द वेगळ्या विकाराकडे बोट दाखवतो. या सर्वांचे 'पोट दुखते' एवढेच भाषांतर झाले, तर निदानाची अर्धी सामग्री वाटेतच सांडते.

शेजारच्या कन्नडात 'उरि' म्हणजे आग, जळजळ. मराठी कानाला तोच ध्वनी 'उरी', म्हणजे छातीत, असा ऐकू येतो. 'होट्टे उरि' हे शब्द पोटातील जळजळीसाठी वापरतात, तसे मनातल्या जळफळाटासाठीही वापरतात. 'मुट्टु' या शब्दात स्पर्शाचा अर्थ आहे आणि मासिक पाळीचाही आहे. मराठीत तर कावळा शिवल्याचे सांगणाऱ्या बाईच्या अंगावर कोणताही पक्षी आलेला नसतो! शब्दकोश हाताशी घेऊन बसलेला परका वैद्य अशा ठिकाणी अडतो. भाषा शिकणे म्हणजे शब्दांची यादी पाठ करणे नव्हे. लोक काय झाकून बोलतात तेही शिकावे लागते.

ही जाणीव नवी नाही. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ साली गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याचे जाणेयेणे होते. तेथील हकिमांशी आणि गोव्याच्या वैद्यांशी बोलून, औषधींची अरबी व देशी नावे गोळा करून त्याने संवादरूपाने एक ग्रंथ लिहिला. तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात पटकीसारख्या जीवघेण्या रोगाचे वर्णन आहे आणि त्याला येथील लोक जे नाव देत तेही नोंदले आहे. ते नाव आपल्या 'मोडशी'चे. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचे 'मोर्देशी' झाले आणि पुढे फ्रेंचांनी त्याचे 'मोर-द-शियें' केले. फ्रेंच भाषेत याचा अर्थ 'कुत्र्याचे मरण' असा होतो! मूळ शब्दाशी कुत्र्याचा काडीचाही संबंध नव्हता. ऐकणाऱ्याने देशी शब्द नीट न ऐकता आपल्या भाषेत बसवला, की रोगाचे नावही कसे भरकटते, याचे हे उदाहरण वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

याच्या उलट उदाहरण मलबारचे. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने तेथील वनस्पतींवर सिद्ध केलेला 'होर्तुस मलाबारिकुस' हा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट या तीन कोकणी वैद्यांचे प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. लॅटिन ग्रंथाच्या आरंभी देशी वैद्यांची साक्ष त्यांच्याच भाषेत यावी, यात जाणकाराचा शब्द मूळ रूपात राखण्याची दृष्टी आहे.

परंतु वैद्य आणि परभाषा यांचे नाते सर्वांत उत्कटपणे ज्याच्या चरित्रात दिसते, तो माणूस आपल्या शेजारच्या सोलापूरचा. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच रस्त्यावर कानी पडावी, असे ते गिरणगाव. मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यासाठी राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक धाडले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी हे ते पाच जण. चोळकर नागपूरचे होते. पाचही जणांनी आपल्या नावांना 'हुआ' हे चीनचे नाव जोडून चिनी नावे धारण केली. कोटणीसांचे नाव झाले 'क दिहुआ'.

नाव घेणे सोपे. भाषा घेणे कठीण. चिनी भाषेत एकाच ध्वनीचा सूर बदलला की अर्थ पालटतो. 'थांग' हा ध्वनी एका सुरात रस्सा आणि दुसऱ्या सुरात साखर होतो. मराठी माणसाच्या कानाला हा भेद सहजी लागत नाही. शिवाय अक्षरमाला नाही. शब्दागणिक चिन्ह शिकावे लागते. कोटणीस १९३९च्या आरंभी येनानला पोहोचले आणि पुढे आघाडीवरील डोंगराळ मुलखात गेले. जखमी सैनिक शेतकऱ्यांची मुले. त्यांना इंग्रजी कोठून येणार? कोटणीसांनी चिनी बोलायला, वाचायला आणि लिहायला शिकून घेतले.

त्याच डोंगरात त्यांच्या आधी कॅनडाचे विख्यात शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून काम करीत होते. शस्त्रक्रियेच्या वेळी झालेल्या बोटाच्या जखमेतून विष भिनून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा अंत झाला. बेथ्यून यांचे कार्य थोर आहे; ते दुभाष्याच्या मदतीने चालत असे. दुभाष्या चांगला असला तर शस्त्रक्रिया अडत नाही. शिकवणे मात्र अडते. खेड्यातून आलेल्या, थोडेसे शिकलेल्या मुलाला शुश्रूषक किंवा शस्त्रवैद्य बनवायचे, तर त्याची शंका त्याच्याच शब्दांत ऐकावी लागते आणि उत्तरही तेथल्या तेथे द्यावे लागते. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्याच नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद कोटणीसांकडे आले. रुग्णालयास जोडून वैद्यकाचे विद्यालय होते. तेथे ते शिकवीत आणि शस्त्रवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकाचे लेखनही करीत. परदेशातून मदतीला आलेला डॉक्टर परत गेला की त्याची मदत संपते. त्याने तेथील भाषेत शिष्य तयार केले, तर मदत मागे राहते.

१९४१ साली क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव 'यिनहुआ'. 'यिन' म्हणजे हिंदुस्थान आणि 'हुआ' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचे निधन झाले. पाठ्यपुस्तकाचे काम अपुरेच राहिले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या चित्रपटाने त्यांचा त्याग घरोघर पोहोचवला. त्यागाची ती कथा सर्वांना ठाऊक झाली. तिच्यामागची चिनी धुळाक्षरांची तपश्चर्या फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही.

येथे काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, इंग्रजी आली की पुरे. इंग्रजीने वैद्यकाचे दार उघडते, याबद्दल वाद नाही. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियातून एम.डी. झाल्या, त्या इंग्रजीच्या बळावरच. परंतु इंग्रजी ही ग्रंथाची आणि सहव्यावसायिकांची भाषा आहे; रुग्णाची असेलच असे नाही. आज जर्मनीत वैद्यकी करू इच्छिणाऱ्या परदेशी डॉक्टराला साधी जर्मन येऊन भागत नाही. वैद्यकीय जर्मनची वेगळी परीक्षा द्यावी लागते. तीत रुग्णाशी संभाषण असते, वृत्तान्त लिहिणे असते आणि दुसऱ्या डॉक्टराला प्रकरण समजावून सांगणेही असते. चीनमध्ये शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांचे वर्ग इंग्रजीत भरतात, परंतु खाटेवरचा रुग्ण चिनीच बोलतो. ज्याला ती कळत नाही, तो विद्यार्थी रुग्णालयात जाऊनही ग्रंथालयातच बसल्यासारखा राहतो.

दुसरा आक्षेप असा की, दुभाष्या आहेच. दुभाष्या बहुधा घरचाच असतो. पती, मुलगा किंवा सासू. स्त्रीने आपले दुखणे मुलाच्या तोंडून डॉक्टराला कसे सांगावे? नवऱ्याच्या मारहाणीची खूण अंगावर असेल, तर ती नवऱ्याच्याच तोंडून 'पायरीवरून पडली' अशी भाषांतरित होते. असे वृत्तान्त सांगणाऱ्याच्या सोयीने लहान होतात आणि वैद्याला ते कळतही नाही.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा. खिशातले यंत्र आता भाषांतर करते. मग शिकण्याचे कष्ट कशाला? यंत्राचे साहाय्य जरूर घ्यावे. अनोळखी मुलखात रात्री-अपरात्री ते देवासारखे धावून येते. तथापि कळ आणि ठणका यांतील फरक, किंवा रुग्णाने मध्येच गिळलेले वाक्य, त्याच्या हाती लागेलच याची शाश्वती नाही. शिवाय आपल्या भाषेतील दोन शब्द डॉक्टराने अडखळत का होईना उच्चारले, की रुग्णाची भीड चेपते.

यावर एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. अर्धवट भाषा अर्धवट औषधासारखीच घातक असते. औषध दिवसातून किती वेळा घ्यायचे, जेवणाआधी की नंतर, हे सांगून झाल्यावर रुग्णाला तेच पुन्हा सांगायला लावावे. त्याच्या तोंडून बरोबर आले तरच आपली भाषा त्याला पोहोचली असे समजावे. जेथे शस्त्रक्रियेची संमती घ्यायची आहे, तेथे आपल्या तोडक्यामोडक्या ज्ञानावर न विसंबता जाणता दुभाष्या बोलवावा. भाषा शिकणाऱ्याला आपली मर्यादा आधी कळली पाहिजे.

आपल्या भागाला हा विषय परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात येईपर्यंत बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे हैदराबाद संस्थानाचे आणि नंतर हैदराबाद राज्याचे भाग होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून दिले आणि वैद्यकही त्याला अपवाद नव्हते. तेथे शिकलेला डॉक्टर शरीरशास्त्र उर्दूत वाचून येई आणि खेड्यात मराठी-कन्नड रुग्ण तपाशी. १९६३ साली गुलबर्ग्यात महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शिक्षणाची भाषा बदलून इंग्रजी झाली, रुग्णांच्या भाषा त्याच राहिल्या. २०१९पासूनच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात आरंभीच्या पायाभूत शिक्षणात स्थानिक भाषेचा अंतर्भाव झाला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे.

सीमाभागात भाषा हा शब्द उच्चारला की मनात वादच उभे राहतात. कोणत्या फलकावर कोणती लिपी, कोणत्या शाळेत कोणते माध्यम, हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांची दुःखेही खरी आहेत. परंतु मराठीचा अभिमान बाळगणाऱ्या घरातील डॉक्टराने कन्नड म्हातारीला तिच्या भाषेत 'कुठे दुखते?' म्हणून विचारले, तर मराठीचे काही उणे होत नाही. कन्नड डॉक्टराने मराठी बाळंतिणीची विचारपूस मराठीत केली, तर कन्नडचेही होत नाही. आपल्या मुलांना मिळालेला हा तीन भाषांचा वारसा त्यांना ओझे वाटू नये. ज्याच्या कानाला लहानपणीच तीन भाषांची सवय झाली आहे, त्याला चौथी जर्मन किंवा पाचवी चिनी अनोळखी वाटली तरी अशक्य वाटत नाही.

शंभर वर्षांच्या या ग्रंथालयाने एवढे काम अवश्य करावे. एका कपाटात मराठी-कन्नड, मराठी-उर्दू आणि मराठी-तेलुगू कोश ठेवावेत. त्याच्याच खालच्या फळीवर जर्मन, रशियन व चिनी भाषांची प्रवेशिका-पुस्तके असावीत. वैद्यक आणि परिचर्या शिकणाऱ्या मुलामुलींना ती अनामत रकमेशिवाय घरी न्यायला द्यावीत. गावातील वडीलधाऱ्या बायकांना बोलावून दुखण्याखुपण्याचे त्यांचे शब्द, तिन्ही भाषांतील, एका वहीत उतरवून घ्यावेत. ते शब्द बोलणारी पिढी आता थकत चालली आहे, आणि पुढे त्यांच्या नातवंडांना तपासणाऱ्या डॉक्टरांना ती वही उपयोगी पडेल. शतकमहोत्सवाच्या वर्षात या वहीचे पहिले पान लिहिले जावे, एवढी विनंती करून हे विवेचन येथे पुरे करणे योग्य होईल.