अर्ध्या कोयत्याची नोंद



 या परिषदेचा विषय स्त्रियांचा रोजगार हा आहे, म्हणून सुरुवात उसाच्या फडापासून करतो.

बीडकडून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळीत माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मुकादम आगाऊ उचल देतो ती कोयत्याला आणि तोडीचा हिशोब होतो टनावर. एकटा गडी आला तर तो ‘अर्धा कोयता’. बाई पाचट काढते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावरून वाहते. पण तिची मजुरी वेगळी दाखवणारा रकाना मुकादमाच्या वहीत नसतो.

आपल्या, म्हणजे अभ्यासकांच्या, वहीत तो आहे का?

नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार 2017-18 मध्ये 15 वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकी 22 कामात होत्या. 2023-24 मध्ये 40. सहा वर्षांतली ही झेप डोळ्यांत भरते. अर्थव्यवस्थेची तब्येत सांगणारा निर्देशक म्हणून ती हल्ली अभिमानाने मांडली जाते. मीही तिचे स्वागत करतो, पण जरा थांबून.

याच सर्वेक्षणात काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी राबणाऱ्यांचा वाटा 31.7 टक्क्यांवरून 36.7 टक्क्यांवर गेला. नियमित पगारदार स्त्रियांचा वाटा 21 वरून 15.9 टक्क्यांवर आला. त्यावरून पगारी नोकऱ्या आटल्या असे म्हणणारेही चुकतात, कारण वाटा घटला तरी एकूण आकडा वाढला आहे. साधा गुणाकार करा. शंभर स्त्रियांमागे पगारदार होत्या साडेचारच्या आसपास, त्या सव्वासहाच्या पुढे गेल्या. बिनपगारी मदतनीस मात्र सातच्या जवळपास होत्या, त्या पंधराच्या घरात पोचल्या. म्हणजे वाढलेल्या अठराजणींपैकी सुमारे आठजणींच्या हातात स्वतःची कमाई अशी पडत नाही. पगाराच्या कामात गेल्या त्या दोनही भरत नाहीत.

अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते स्त्रियांच्या श्रमाचा असाच चिकाटीने माग काढल्याबद्दल. अमेरिकेच्या जुन्या नोंदींत विवाहितेच्या व्यवसायापुढे नुसते ‘पत्नी’ असे लिहिलेले असे. गोल्डिन यांनी त्या ओळीमागचे श्रम शोधून काढले आणि दाखवले की शेतीप्रधान समाजात स्त्रियांचा सहभाग मुळातच मोठा असतो. कारखानदारीत तो घसरतो आणि सेवाक्षेत्र वाढले की पुन्हा चढतो. आपल्याकडे याच काळात काम करणाऱ्या स्त्रियांमधला शेतीचा वाटा 57 वरून 64 टक्क्यांवर गेला. मग ही चढण पुढची की मागची, हे विचारायला हवे. काही वाढ नोंद सुधारल्यामुळेही असेल. तसे असेल तर तीही चांगलीच गोष्ट. फक्त तिला नवा रोजगार म्हणू नये.

दुसरी बाजू घड्याळाची. 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला 289 मिनिटे जातात, पुरुषाची 88. रानातले काम वाढले, तरी चुलीचा मोठा भार अजून बाईवरच आहे.

2025 पासून श्रमबलाचे आकडे दर महिन्याला येऊ लागले आहेत. ते मागच्या सात दिवसांतल्या कामावर आधारलेले असतात, वरच्या आकड्यांसारखे वर्षभराच्या नेहमीच्या कामावर नव्हे. दोन्ही एकाच आलेखावर चिकटवू नका, ही विद्यार्थ्यांना विनंती. आणि दर महिन्याच्या टक्क्या-दोन टक्क्यांवर मथळे रंगवण्याच्या मोहापासून आपण अभ्यासकांनी तरी लांब राहावे.

या परिषदेपुढे माझी सूचना एकच आहे. स्त्रियांच्या सहभागाचा आकडा यापुढे कोणत्याही निबंधात एकटा छापू नये. त्याच्या शेजारी तीन रकाने असावेत: बिनपगारी किती, पगारी किती आणि घरकामाची मिनिटे किती. माहिती सगळी छापील अहवालांत आहे, फक्त एका ओळीत आणायची आहे.

मुकादमाला उचल कोयत्याला देऊन भागते, कारण त्याला टन हवे असतात. आपल्याला माणसे मोजायची आहेत. आपल्या तक्त्यात कोयत्याचे दोन्ही अर्धे वेगळे दिसले पाहिजेत.