शाळेच्या पटांगणात टेनिस

विक्रोळीच्या कन्नमवार नगर, टागोर नगरातल्या शाळांना टेनिसचं पूर्ण कोर्ट आखायला जागा कुठून मिळणार? 23.77 मीटर लांबी लागते. पण नवशिक्यांना तेवढी लागतच नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने 2012 पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू बंद केला. नवशिक्यांचा लाल चेंडू त्याच्यापेक्षा सुमारे 75 टक्के मंद असतो आणि त्याचं कोर्ट जेमतेम 11 मीटरचं. बॅडमिंटनच्या कोर्टावरही भागतं!

फोरहँडसाठी रॅकेट हस्तांदोलन केल्यासारखी धरायची. समोरून चेंडू निघाला की लगेच खांदे वळवायचे. बहुतेक मुलांचं चुकतं ते इथेच. टप्पा पडू द्यायचा, कमरेच्या उंचीला, शरीराच्या पुढे चेंडू गाठायचा आणि रॅकेट खालून वर, थेट विरुद्ध खांद्यापर्यंत जाऊ द्यायची. बॅकहँड दोन्ही हातांनी. सुरुवातीला जोर नकोच. जोडीदाराने हाताने अलगद टाकलेला चेंडू परतवता आला, तरी पुष्कळ झालं.

महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेने 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. क्रीडाशिक्षकांनो, अशी खेळाडू तुमच्याही शाळेत घडू शकते; जाळी नसेल तर दोरी बांधा, पण पुढच्याच तासाला सुरुवात करा.